नऊ नंबरची पिशवी

परदेशी गव्हाचं पहिलं जहाज धक्क्याला लागलं, त्या सकाळी आमच्या पिठाच्या गिरणीत नुसती धांदल उडाली होती. तीन महिने यंत्रं बंद होती. इथला गहू संपलेला. बाहेरचा आणायची परवानगी मिळाली, पण त्या गव्हातून परकं तण, परकी कीड शिरते म्हणून अटी कडक. दळला जाईपर्यंत एकही अख्खा दाणा फाटकाबाहेर जायचा नाही. ट्रक झाकलेले हवेत. सांडलेलं झाडून पिशवीत, पिशवीला नंबर, आणि सगळ्या पिशव्या भट्टीत. अकरा वाजता तपासनीस बाई येणार, त्यांची सही झाली की यंत्रं सुरू. नाही झाली तर जहाज परत आणि आम्ही साठ जण घरी.

झाडलोटीची मुकादम मी. सव्वादहाला पिशव्या मोजल्या तर अकराच्या दहाच भरल्या. नऊ नंबर गायब.

"नऊ कुठं गेली?"

फाटकावरचा पहारेकरी म्हणाला, "तुमचे दीर घेऊन गेले की सायकलवर. म्हटलं, नेहमीचंच."

नेहमीचंच होतं ते. तीस वर्षं झाडलेले दाणे आम्ही पाळीपाळीनं घरी नेत आलो, कोंबड्यांना. त्याला चोरी कोणी म्हटलं नाही. नवे नियम मी सगळ्यांना बजावून बजावून सांगितले, पण सांगितले त्या दिवशी भावजी, गिरणी बंद म्हणून, धक्क्यावर क्रेन चालवायला गेले होते. आज त्यांची पाळी!

मॅनेजर साहेब हळूच म्हणाले, "दुसरी भरा. नऊ नंबर लावा. कोणाला कळतंय?"

क्षणभर मलाही वाटलं, भरावी. हात पिशवीकडे गेलाही. तेवढ्यात तपासनीस बाईंची गाडी आत शिरली, वेळेच्या आधीच. मी सरळ गाडीच्या खिडकीशी जाऊन उभी राहिले.

"बाई, एक पिशवी बाहेर गेलीय. माझ्या दिराच्या घरी. कोंबड्या आहेत तिथं."

मॅनेजर साहेबांचा चेहरा पांढराफटक. बाईंनी दार उघडलं. "बसा. रस्ता दाखवा."

अख्ख्या वाटेत त्यांनी एकच विचारलं, "उघडली असेल का?"

"माझी जाऊ आहे ती. हातात आलं की लगेच उधळणार."

गाडी थांबायच्या आत मी उतरले. जाऊ अंगणात, काखेत पिशवी, मूठ हवेत.

"अगं थांब! टाकू नकोस!"

"अहो जाऊबाई, कुठं आग लागलीय का?" ती म्हणाली, पण एक मूठ आधीच खाली पडली होती आणि सात कोंबड्या तुटून पडल्या होत्या.

भावजी टॉवेल गुंडाळून बाहेर आले. "वहिनी, माझी पाळी होती!"

"पाळी होती म्हणून साठ जणांच्या पोटावर पाय देता?"

मग जी पळापळ झाली! बाईंनी बाह्या वर केल्या आणि पहिली कोंबडी त्यांनीच धरली. भावजी एका हातानं टॉवेल आणि दुसऱ्यानं कोंबडी सांभाळत होते. सातही खुराड्यात कोंडल्या, दाणे वेचले, वरची माती फावड्यानं खरवडून पिशवीत भरली. गेली त्याहून पिशवी जड झाली.

"दहा दिवस कोंबड्या आतच," बाई म्हणाल्या. "विष्ठा पिशवीत भरून गिरणीच्या भट्टीत. अंगणात नवं काही उगवलं तर मला कळवायचं."

"म्हणजे शिटेलाही नंबर?" जाऊ म्हणाली.

"हो."

"आणि अंडी?"

"अंडी खा."

गिरणीत परतल्यावर बाईंनी सगळं लिहून घेतलं. शेवटी त्या म्हणाल्या, "दाणा बाहेर गेला तर लगेच कळवायचं, हीसुद्धा अट आहे. ती तुम्ही पाळली. लपवलं असतं आणि नंतर कळलं असतं, तर जहाज परत गेलं असतं." आणि सही केली.

बटण दाबलं गेलं. तळव्यांखाली फरशी थरथरली, आणि साठ जण असे ओरडले की यंत्रांचा आवाज ऐकूच येईना. भावजी सगळ्यांत मोठ्यानं. मी त्यांच्या हातात झाडू दिला.

"नाचून झालं की पहिला ट्रक झाडा. फटीत दाणे अडकलेत."