सात रिळांची मान

श्रीधर सरांनी चाळीस वर्षांत वर्गात कधी छडी उगारली नाही. पण आज पांढुर्ण्यात, श्रावणच्या सलूनच्या बाकावर बसल्या बसल्या त्यांचा हात शिवशिवत होता.

समोरच्या खुर्चीत त्यांचे मेहुणे भैय्याजी गळ्याभोवती पांढरं कापड गुंडाळून थाटात बसले होते. त्यांच्या सौंसरला काय सलूनं नव्हती? पण केस कापून झाले की श्रावण हनुवटी धरून मान अशी फिरवायचा की कटकन आवाज यायचा. त्या एका आवाजासाठी भैय्याजी बसनं इथवर यायचे. गेल्या महिन्यात मान वाजवून घेतली आणि परत जाताना बसच्या पायरीवरच भोवळ येऊन मटकन बसले. नागपूरच्या डॉक्टरांनी बजावलं, मणके झिजलेत, मानेला झटका अजिबात नको. भैय्याजी तिथं "हो जी, हो जी" म्हणाले आणि आज पुन्हा हजर.

"तुम्ही उगाच चिंता करून राहिले, जवाईबापू," भैय्याजी आरशातून म्हणाले. "डॉक्टरनं दुसऱ्यांसाठी सांगितलं. हा त तुमचाच विद्यार्थी न!"

"हो न सर," श्रावणची कात्री थांबली. "आठवीत तुम्हीच पाठ करून घेतलं. मानेत मणके किती? सात! जिराफाच्या? तेही सात! मी बोटानं सात मोजतो, मंगच वाजवतो. गिऱ्हाइकाले सांगतो भी, ही विद्या सरांची हाय."

सरांनी डोळे मिटले. म्हणजे गावभर माना त्यांच्या नावानं वाजत होत्या!

फोनवर सांगून झालं होतं, कागदावर चित्र काढून झालं होतं. आज त्यांनी पिशवीतून शेवटचा उपाय काढला. पत्नी नलिनीबाईंच्या शिलाई मशीनची सात रिकामी रिळं दोरीत ओवलेली. त्यांतल्या सहांना तापल्या सुईनं बाजूला भोकं पाडून सलाईनची बारीक नळी घातलेली, वर कुंकवाच्या पाण्याची बाटली.

"ही मान उलटी धरलीय," सर म्हणाले. "रक्त खालून वर चढतं, पाणी चढत नाही, म्हणून. मधली दोरी म्हणजे मज्जारज्जू. आणि ही नळी..."

नळी निसटली. लाल पाणी थेट भैय्याजींच्या कापडावर.

"अरे बाप्पा! वाजवायच्या आधीच रक्त?" भैय्याजी खो खो हसले. बाकावर आपल्या पाळीची वाट बघत बसलेला मंगेशही हसला.

सरांनी ओठ घट्ट दाबले, नळी पुन्हा बसवली. थेंब पडू लागले. "श्रावण, इकडे ये. खालचं रीळ म्हणजे डोक्याखालचा पहिला मणका. तू फिरवतोस तसं फिरव."

श्रावणनं सरावानं रीळ झटक्यात फिरवलं. नळी पिळली गेली. थेंब थांबला.

"ही रक्तवाहिनी वरच्या सहा मणक्यांच्या भोकांतून मेंदूच्या मागच्या भागाला जाते. दोन्ही बाजूंनी एकेक. झटक्यानं ती आतून फाटू शकते. रोज फाटत नाही, श्रावण. पण फाटली तर माणूस जन्मभर अंथरुणाला खिळतो."

श्रावणनं रीळ सोडलं, पुन्हा फिरवलं, पुन्हा थेंब थांबलेला पाहिला. मग हळूच म्हणाला, "सर, हे तवा काऊन नाई सांगितलं? निस्ते सात पाठ करून घेतले."

"परीक्षेत तेवढंच विचारायचे," सर म्हणाले, आणि स्वतःचाच राग आला त्यांना.

केस कापून झाले. सवयीनं श्रावणचे हात भैय्याजींच्या हनुवटीकडे गेले, थबकले आणि खांद्यांवर उतरले. तो नुसते खांदे दाबू लागला.

"मंग माझं आज काहीच नाई का?" भैय्याजींचं तोंड उतरलं. "इतक्या दुरून आलो न बे!"

"नाई जी. या खुर्चीत आता नाई."

भैय्याजी धुसफुसत उठले. सर सुटकेचा श्वास टाकणार, तेवढ्यात मंगेश खुर्चीत जाऊन बसला. "त्यांचं सोड, श्रावणभाऊ. माझी मान त तरणी हाय. माझी वाजवशील न?"

श्रावणनं सरांकडे पाहिलं. बाटलीतलं पाणी संपलं होतं.

"तांब्याभर पाणी दे," सर म्हणाले आणि बाकावरून उठले. "मंगेश, मान इकडे कर. सावकाश. हे बघ, हे पहिलं रीळ..."