काझिमिररावांचं नाव

पोलंडचा राजा पडद्यावर खुर्ची झाला, त्याच क्षणी इकडे माइकसमोर उभे असलेले वर्तकही खुर्ची झाले. सागवानी, जुन्या घाटाची. बैठकीवर त्यांचा चष्मा होता.

कुमुद वैतागली. प्रत्येक भूमिका अशी अंगाला लावून घेऊ नका, हे नवऱ्याला सांगून सांगून बेचाळीस वर्षांत तिची जीभ झिजली होती. परीकथेचा सिनेमा, दर पाच मिनिटांनी गाणं, आज दुपारपर्यंत मराठी डबिंग संपवायचं, आणि हे खुर्ची होऊन मोकळे.

"गाणं पुन्हा सुरू झालंय," काचेपलीकडून रेकॉर्डिस्ट देवधर म्हणाले. "मी लावलेलं नाही."

चेटकिणीची अट पहिल्याच कडव्यात होती. गाणं संपायच्या आत राणीने नवऱ्याला नावाने हाक मारली तर तो पुन्हा माणूस, नाहीतर कायमची खुर्ची. मूळ सिनेमात राणी चांगली खणखणीत "काझिमिर!" म्हणते. संवाद लिहिताना कुमुदने तिथे "अहो!" लिहिलं होतं. त्यात काही चुकलं असं तिला वाटलंही नव्हतं. नवऱ्याला हाक मारायची म्हणजे बाई दुसरं काय म्हणणार?

तिने "अहो" खोडून "काझिमिर" लिहिलं. पडद्यावरची राणी कानापर्यंत लाल झाली.

"इश्श! मी नाही बाई. मराठी तुम्हीच केलंत ना मला?"

"नाव घे मुकाट्याने. माझा नवरा अडकलाय."

"आणि माझा?"

"मग उखाण्यात घे, पण घे एकदाचं!"

राणीने मुकुट नीट केला, पदर नसताना सावरला, आणि म्हणाली,

"व्हिस्तुला नदीकाठी बर्फ पडलं चोहीकडे,
काझिमिररावांचं नाव घेते, चेटकीणबाई, सरा पलीकडे."

राजा कंबर चोळत उठला. दरबार नाचू लागला. वर्तक मात्र उठले नाहीत.

"आता तुम्ही," राणी म्हणाली.

प्रत्येक कडव्याला खोली हातभर आखडत होती. मधली काच कधीच गेली होती आणि देवधर आता कुमुदच्या शेजारी उभे होते. त्यांची स्वतःची खुर्ची भिंतीत गेली होती.

"तुम्ही सांगा ना यांचं नाव," कुमुद काकुळतीला आली.

"आम्ही वर्तकच म्हणतो. शिवाय बायकोनेच घ्यायचंय."

नाव तिला ठाऊक नव्हतं थोडंच! रेशनकार्डावर होतं, शेकडो अर्जांवर तिने स्वतः लिहिलं होतं. तोंडाने मात्र एकदाच घेतलं होतं, लग्नात, आणि तेही बहिणींच्या हसण्यात बुडालं होतं. तिला स्वतःचा भयंकर राग आला. एवढं साधं नाव, आणि घशातून वर येईना. शेवटचं कडवं सुरू झालं. तिने डोळे मिटले.

"समोर उभा माइक, कानाला हेडफोन..."

राणीने पडद्यातून कान पुढे केला. राजाही थांबला. नाव कुमुदच्या ओठांपर्यंत आलं आणि तिथेच लाजून उभं राहिलं.

तिने डोळे उघडले. इतका वेळ उभे राहून दमलेले देवधर कमरेवर हात ठेवून, मागे न बघता, खुर्चीवर टेकायला वाकले होते.

"अहो!" कुमुद ओरडली.

देवधर अर्ध्यात थांबले.

"कोण, मी?" त्यांनी विचारलं, आणि गाणं संपलं.