अण्णांच्या रेघा

पाणीपुरवठ्याच्या कचेरीत अण्णांनी एकतीस वर्षं नकाशे काढले. आधी कागदावर, मग कॉम्प्युटरवर. टाकी, पंप, झडपा असे चौकोन मांडून ते रेघांनी जोडायचे, आणि कालच आलेल्या माणसालाही पाणी कुठून कुठे जातं ते कळायचं. म्हणून भर बैठकीत साहेबांनी पडद्याकडे बोट दाखवत विचारलं, की या रेघांना दात का आलेत, आणि सगळे हसले, तेव्हा ते अण्णांच्या फार जिव्हारी लागलं.

घरी आल्यावर ते नीट जेवले नाहीत. सॉफ्टवेअरच भिकार आहे, एवढंच लेकीला म्हणाले. ती छापखान्यात पानांची मांडणी करायची. रविवारी ती कॉम्प्युटरपुढे त्यांच्याशेजारी खुर्ची ओढून बसली.

दोष तिला लगेच सापडला. रेघ दोन्ही चौकोनांना चिकटलेली होती, पण एक चौकोन दुसऱ्यापेक्षा किंचित खाली होता. त्यामुळे रेघ मध्येच पायरी उतरून पुढे जायची. दोन्ही चौकोन निवडून एका ओळीत आणले की काम झालं. तिला कोडं पडलं ते वेगळंच. बावीसच्या बावीस स्लाइडवर हेच होतं. माऊस घसरतो का, असं तिनं विचारलं. अण्णा म्हणाले, ते माऊस वापरतच नाहीत. रेघ सरळ दिसेपर्यंत बाणाच्या कळीनं चौकोन केसाकेसानं सरकवतात.

तिनं पहिली जोडी ओळीत आणली. रेघ ताठ झाली.

अण्णा पडद्याजवळ वाकले. "उलट वाकवलीस तू."

ते थट्टा करताहेत असं तिला वाटलं. तिनं खणातली पट्टी काढून पडद्याला लावली. रेघ पट्टीच्या कडेनं तंतोतंत जात होती. अण्णांनी एक डोळा झाकून पाहिलं, मग दुसरा.

"पट्टीसुद्धा वाकडी दिसतेय गं."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. वर्ष झालं होतं. पेपरातल्या ओळी लाटांसारख्या हलायच्या. समोरच्याच्या चेहऱ्याचा मधलाच भाग पुसट व्हायचा, म्हणून ते माणसं आवाजावरून ओळखायचे.

"सांगितलं का नाही, अण्णा?"

"सांगितलं असतं तर नकाशे कुणी दिले असते मला?"

डॉक्टरांनी दोन्ही डोळ्यांच्या आतल्या पडद्यांचा मधला भाग खराब झाल्याचं सांगितलं. इंजेक्शनं देऊन उरलेली नजर टिकवता येईल कदाचित, गेलेली परत येणार नाही. लवकर यायला हवं होतं. रोज एका टेबलावर समोरासमोर जेवूनही आपल्याला कळलं कसं नाही, हे लेकीला आतून खात राहिलं.

पुढचे चार दिवस दोघं नकाशांना बसली. अण्णा डोळे मिटून सांगायचे, कुठली पाइपलाइन कुठल्या टाकीतून निघते, कुठे वळते, झडप कुठे. ती जोडत जायची. एकदाही ते चुकले नाहीत.

बैठकीत साहेबांनी काम छान झाल्याचं सांगितलं. अण्णा उभे राहिले. रेघा लेकीनं सरळ केल्यात, आपल्याला आता त्या नीट दिसत नाहीत, असं शांतपणे म्हणून त्यांनी राजीनामा टेबलावर ठेवला. या वेळी कुणी हसलं नाही. साहेबांना कुठे बघावं ते कळेना.

लेक बाहेर थांबली होती. कचेरीचा जिना उतरताना अण्णांनी पहिल्यांदाच तिचा दंड धरला. ती पावलं लहान टाकू लागली.