तळवड्याचा अंदाज

आबाजींना सुनेच्या बोलण्याचा संशय आला तो मे महिन्यातच.

पूनम तळवड्याच्या एका कंपनीत हवामानाच्या आकड्यांचं काम करायची. जेवताना ती म्हणाली, “आबा, प्रशांत महासागर तापतोय. एल निनो म्हणतात त्याला. वाऱ्यांचं चक्र सरकतं, अशा साली आपल्याकडं पाऊस बऱ्याचदा ओढ देतो. कांद्याचं रोप बेतानंच टाका.”

“तिकडं समुद्र तापला म्हनून चाकणला पाऊस अडतोय व्हय?”

“त्यापेक्षा यंदा रान पडीकच ठेवू,” अजिंक्य घाईनं म्हणाला.

पोराची ती घाई आबाजींना खटकली. रानाला लागून असलेल्या गोदामवाल्याला ट्रेलर लावायला जागा हवी होती, हे गावात कोणाला ठाऊक नव्हतं? दोघं नवराबायको मिळून आपल्याला बनवतायत, असं त्यांनी मनाशी धरलं आणि जुलैअखेर मुद्दाम दोन एकरांचं रोप टाकलं.

ऑगस्ट कोरडा गेला. रोपाचे शेंडे पिवळे पडले. पूनम वाफ्यावर आली.

“आबा, निम्मं तरी विहिरीच्या पाण्यावर जगवा. आता आफ्रिकेकडचा हिंदी महासागर तापतोय, इंडोनेशियाकडचा गार पडतोय. त्यानं सप्टेंबरात पाऊस परतेलसं वाटतं. खात्री मात्र नाही.”

“आधी म्हनलीस न्हाई पडायचा, आता म्हनतीस पडंल! तू कुनाच्या बाजूची गं?”

“कसली बाजू?”

आबाजींनी बंडीतून घडी केलेला कागद काढला. अजिंक्यच्या कपाटात सापडलेला. ट्रेलरच्या पार्किंगचा भाडेकरार, दिवाळीपासूनचा. अजिंक्यची सही होती, आबाजींची जागा रिकामी.

पूनमनं तो दोनदा वाचला. मग वाफ्याच्या बांधावरच बसली. “मला हे माहीत नव्हतं. पण आबा, एप्रिलमध्ये अजिंक्यच मला म्हणाला होता, पावसाचं आबांना तूच समजावून सांग, तुझं ऐकतील.”

आबाजी तिच्या तोंडाकडं बघत राहिले. खोटं बोलणारं माणूस असं पांढरं पडत नाही, एवढं त्यांना कळत होतं.

संध्याकाळी तिनं करार अजिंक्यपुढं ठेवला. “मी खोटं काय सांगितलं? पाऊस गेलाच ना?” तो गुरगुरला.

“पाऊस गेला. पण माझ्या तोंडून तू आबांना रान सोडायला लावत होतास,” ती म्हणाली. आबाजींनी कागद फाडला आणि अजिंक्यकडून कपाटाची किल्ली काढून घेतली.

निम्मं रोप त्यांनी जगवलं. सप्टेंबरात पाऊस आला, एक एकर कांदा लागला. लावणीला अजिंक्यही आला, खाली मान घालून. आबाजींनी त्याला वाफा नेमून दिला. कपाटाची किल्ली मात्र परत दिली नाही.