तीन आकड्यांपुरती जागा

पुतणीने टाचणीचे टोक हातातल्या खेळाच्या मागच्या बारीक छिद्रात दाबून धरले, आणि पडद्यावर सगळे एकदम हजर झाले. तिने मोजले. पाच वेटर, एकोणतीस बशा, दोन मांजरी, उजव्या कोपऱ्यात तीन फुटक्या बशा आणि डाव्या कोपऱ्यात शेजारी शेजारी तीन आठ. एरवी खेळात वेटर एकच दिसायचा, इकडून तिकडे धावत वरच्या फळ्यांवरून घसरणाऱ्या बशा झेलणारा. पण खरे तर धावत कुणीच नव्हते. त्या खेळात जे जे म्हणून घडू शकते ते सगळे कारखान्यातच काचेत छापून बसले होते. कोणत्या क्षणी काय दिसू द्यायचे आणि काय लपवायचे, एवढेच यंत्राच्या हाती होते. तिने टाचणी काढली. चार वेटर नाहीसे झाले.

"गेलं का बिघडून?" प्रमुखबाईंनी दारातूनच विचारले. त्या संगणक संग्रहालयाच्या प्रमुख होत्या, आणि कोणतीही वस्तू पुतणीच्या हातात दिसली की आधी तिच्या बिघाडाची चौकशी करत.

"ठणठणीत आहे, बाई. एकही बशी कमी नाही."

खेळ तळहाताएवढा होता, तिच्या थोरल्या काकांचा होता, आणि दालनात त्याच्यासाठी एक काचपेटी रिकामी ठेवली होती. पेटीच्या एका बाजूला खोलीभर पसरलेले जुने यंत्र होते, ज्याला नुसते थंड ठेवायला दोन माणसे पगारावर असत. दुसऱ्या बाजूला टेबलावर मावणारे पहिले संगणक. मधल्या काळात काय झाले ते पुतणीने पाटीवर साठ शब्दांत सांगायचे होते. म्हणजे असे, की हिशेबाची गणकयंत्रे स्वस्त झाली, त्यांच्या चिप ढिगाने बनू लागल्या, आणि कुणाच्या तरी डोक्यात आले की जी चिप आकडा उमटवते ती वेटरही उमटवू शकेल. त्या चिपची स्मरणशक्ती इतकी तोकडी, की प्रमुखबाईंचे एक पत्रही तीत मावले नसते. तरीही कितीतरी घरांत शिरलेला पहिला संगणक हाच होता, आणि घरच्यांना तो संगणक आहे याचा पत्ताही नव्हता.

काकांनी खेळ दिला तो एका अटीवर. पाटीची शेवटची ओळ हवी, घरातला विक्रम ९९४. प्रमुखबाईंचाही एक नियम होता. पुरावा नाही, तर ओळ नाही.

पुरावा होता. काकांच्या बैठकीच्या खोलीत, घड्याळाखाली, फ्रेममध्ये. स्टुडिओवाल्या मित्राने काढलेला पडद्याचा मोठा फोटो, जाड पांढऱ्या पुठ्ठ्याच्या चौकटीत बसवलेला. चौकटीच्या खिडकीतून ९९४ तेवढे दिसत, आणि खाली वेटरचे डोके. काका येणाऱ्या पाहुण्याला बरोबर समोरच्या खुर्चीत बसवत. मग पाहुण्याने विचारले नाही तर घड्याळात किती वाजले ते त्यालाच विचारत.

घरात दुसराही एक आकडा प्रसिद्ध होता, पण त्याला फ्रेम नव्हती.

आत्या काकांहून धाकटी. खेळ घरात आला त्याच सुट्टीत, घर पाहुण्यांनी भरलेले असताना, ती जिन्यात बसून बशा झेलत होती. पाहुण्यांचा चहा झाला, कप विसळून झाले, तरी ही उठेना म्हणून सगळे बघायला गेले, आणि त्या घोळक्यात तिची तिसरी बशी फुटली. तीन फुटल्या की खेळ संपतो. पडद्यावर सात होते. आत्या म्हणाली, हजार झाले आणि परत पहिल्यापासून सुरू झाले. त्यावर घर जे हसायला लागले ते चाळीस वर्षे हसतच होते. कुणाला गणितात सात गुण पडले, की हजार होऊन परत सुरू झाले असतील. भाजीत मीठ कमी पडले, की हजार चमचे होऊन परत सुरू झाले असतील. पुतणीच्या वडिलांनी, म्हणजे भावंडांतल्या शेंडेफळाने, हा विनोद स्वतःच्या लग्नातही केला होता. आत्याचे नावच सात पडले. सात आली का, सातला फोन लावा, सातच्या दुकानातून बाह्या आखूड करून आणा.

पुतणीला घरात शंकासुर म्हणत, आणि शंकासुराला ते तीन आठ दिसल्यापासून चैन नव्हते. आकड्यांना जागा तीनच. मग नऊशे नव्याण्णवनंतर यंत्राने काय करावे? तिथेच थांबावे, की शून्यावर यावे? दोन्ही शक्य होते, आणि दोन्हींपैकी काय ते खेळल्याशिवाय कळणार नव्हते. आठवडाभर मान मोडून खेळल्यावर तिचा सगळ्यात मोठा आकडा आला ८३. प्रमुखबाईंनी पत्रव्यवहार उरकायचा आहे असे सांगून दार लावून घेतले आणि १४० केले. पुढचे दोन दिवस त्या सह्या डाव्या हाताने करत होत्या.

शेवटी ती आत्याच्या शिवणाच्या दुकानात गेली.

"आत्या, तेव्हा खरंच हजार झाले होते?"

आत्याने दोरा दाताने तोडला. "तुझ्या काकाची स्कूटर आठवते?"

आठवत होती. तिच्या मीटरमधले सगळे नऊ एकदम फिरून शून्ये झाली, त्या दिवशी काकांनी ती धुऊनपुसून फाटकात उभी केली होती आणि रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाला थांबवून सांगितले होते, लाख किलोमीटर झाले.

"तीही शून्यच दाखवत होती," आत्या म्हणाली. "पण स्कूटरवर विश्वास ठेवला दादाने. मी आपली नुसती बहीण."

सिद्ध झाले तर पाटीवर तिचा आकडा घालता येईल, असे पुतणीने सुचवून पाहिले.

"पाटी कशाला मला? येणाऱ्याजाणाऱ्याने वाचून काय व्हायचंय? त्याने एकदा तोंडाने म्हणावं, बस." आत्याने कापड सुईखाली सरकवले. "पळ आता. दोन झंपर द्यायचेत आज."

फ्रेम काकूंनी काढून दिली, पण लवकर परत आण म्हणाल्या, कारण भिंतीवर तिच्या मापाचा पांढरा चौकोन पडला होता आणि तो बघून काकांचे जेवणात लक्ष लागत नव्हते. फोटोची नीट प्रत काढायची म्हणून पुतणीने मागचे खिळे उचकटले, काच बाजूला ठेवली आणि पुठ्ठ्याची चौकट उचलली. फोटो चौकटीच्या खिडकीपेक्षा बराच मोठा निघाला. त्यात अख्खा पडदा होता. वेटरचे हात पुढे होते. चार बशा हवेत होत्या. उजव्या कोपऱ्यात, जिथे फुटलेल्या बशा जमा होतात, तिथे काहीच नव्हते.

तिने भिंग लावून पाहिले, मग खिडकीपाशी नेऊन पाहिले, मग कोपऱ्यावर धूळ तर नाही ना म्हणून फुंकरही मारली. एकही फुटकी बशी नव्हती. खेळ ऐन रंगात होता. आयुष्यातल्या सगळ्यात मोठ्या आकड्यावर, हाताशी तिन्ही चुका शिल्लक असताना, माणसाने फोटो काढून घेतला होता आणि खेळ खाली ठेवला होता. मग तो कोपरा झाकला जाईल असा त्याने स्वतः पुठ्ठा कापला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने उघडा फोटो काकांच्या वर्तमानपत्रावर ठेवला आणि शेजारी भिंग. काकांनी भिंग उचलले, कोपऱ्यावर धरले आणि बराच वेळ धरून ठेवले. ताकास तूर लागू न देण्यात त्यांचा हातखंडा होता, पण कान लाल झाले.

"एकही फुटली नव्हती, काका."

"हात चांगला होता तेव्हा."

"मग थांबलात का?"

काकांनी भिंग रुमालाने पुसले. ते स्वच्छच होते. आतून काकूंनी विचारले, फ्रेम आणलीस का ग?

"नऊशे नव्याण्णवला पाच बशा हातात ठेवल्या होत्या," काका शेवटी म्हणाले. "आमच्या मित्राचं बोट जरा मंद. त्याने खटका दाबेपर्यंत एखाददुसरी जास्त व्हायची."

"जास्त झाल्या असत्या तर काय बिघडलं असतं?"

काकांनी वर्तमानपत्राची घडी घातली. मग ती उलगडून पुन्हा घातली.

"सातला बोललीस हे?"

"नाही."

"सोमवारी तुमचं ते बंद असतं ना, शंकासुर? बोलव तिला. मोजायला मी बसतो."

सोमवारी आत्या दुकानातून परस्परच आली, गळ्यात मापाची टेप तशीच. काका इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. काकूही आल्या होत्या, कारण सुटे पैसे मोजतानाही काका मध्येच चुकतात आणि तो ताप आपल्यालाच होतो, असे त्यांनी प्रमुखबाईंना ओळख होताच सांगितले. प्रमुखबाई साक्षीदार म्हणून बसल्या. रिकाम्या काचपेटीशेजारी टेबल मांडले होते. काकांनी चहा संपवला, बशी रुमालाने पुसली आणि आपल्यासमोर ठेवली. दर शंभराला एक खूण टाकायची, म्हणजे घोळ होणार नाही, असे त्यांनी सगळ्यांना समजावले.

"तुझ्याकडे बटणं असतील," ते आत्याला म्हणाले.

आत्याने पिशवीतून डबी काढली. "किती देऊ?"

"दहा."

"नऊ पुरेत की," काकू म्हणाल्या. "विक्रमच तुमचा नऊशेचा."

"दहा दे," काका म्हणाले.

आत्याचे बोट डबीतच थांबले. तिने दादाकडे पाहिले. दादा पुसलेली बशी पुन्हा पुसत होता. तिने दहा पांढरी बटणे एकेक करून त्याच्या तळहातावर ठेवली आणि खेळ हातात घेतला.

तिचे खांदे हलत नव्हते. फक्त डावे पाऊल फरशीवर शिवणयंत्र चालवल्यासारखे वरखाली होत होते, आणि बशा वेगाने येऊ लागल्या तसे तेही. काका ओठांतल्या ओठांत मोजत होते. तीनशेनंतर एक बशी फुटली, पडद्यातले मांजर हसले, आणि काकूंनी मांजराला हळूच एक शिवी दिली. सहाशेच्या पुढे प्रमुखबाईंचे अंगठे मांडीवर आपोआप चालू लागले. नववे बटण बशीत पडले. नऊशे चौऱ्याण्णव आले आणि गेले. काकांचे ओठ थांबले नाहीत. अठ्ठ्याण्णव. नव्याण्णव.

डाव्या कोपऱ्यात एकटे शून्य उभे राहिले.

"झालं परत सुरू," काकू सवयीने म्हणाल्या, आणि त्यांनी तोंडावर हात धरला.

कुणी हसले नाही. आत्याने मान वर केली नाही, कारण बशा येतच होत्या. काकांनी शेवटचे बटण चिमटीत धरले होते.

"हजार," ते म्हणाले, आणि ते बटण त्यांनी बशीत टाकले.

थोड्या वेळाने तिसरी बशी फुटली. पुतणीने टेबलाजवळ जाऊन दोन्ही नोंदी घेतल्या. बशीत दहा बटणे. पडद्यावर ४१.