मी थांबायला शिकलो

मित्रांनो, माणसाचे पोर शाळेत जायला लागते, त्या वयात शर्यतीच्या मैदानावर घोड्याला म्हातारा ठरवतात. त्या हिशोबाने मी एक फारच जुना घोडा आहे. माझे अर्ध्याहून जास्त आयुष्य म्हातारपणातच गेले आणि खरे सांगायचे तर तेच बरे गेले.

शर्यतीतले माझे नाव एवढे लांबलचक होते की ते पुकारून होईपर्यंत निम्मी शर्यत संपलेली असे. इथे मला सगळे लंबू म्हणतात. रंग तांबूस, कपाळावर पांढरा पट्टा आणि स्वभाव थोडा चढेल. दिसायला मी आजही देखणा आहे.

आईचे दूध सुटले तेव्हापासून मला एकच गोष्ट शिकवली गेली, ती म्हणजे पळणे. सकाळी चंदीचे दाणे खायचे, मग मैदान, मग अंगाला खरारा आणि उरलेला दिवस तबेल्याच्या खणात. जॉकीलासुद्धा मी चालत असतानाच उचलून माझ्या पाठीवर बसवत. 'उभा राहा' असे मला कधी कुणी म्हटलेच नाही. जॉकीने लगाम ताणून धरला की मी त्यावर मान रेलायची आणि जीव खाऊन धावायचे. लगाम ताणला म्हणजे पळायचे, हे माझ्या अंगात पुरते भिनले होते.

मी काही शर्यती जिंकलो. गळ्यात हार पडले, माझ्या शेजारी उभे राहून फोटो काढायला माणसांनी ढकलाढकली केली. पुढे उजव्या पायाची शीर सुजली. ती बरी झाली, पण वेग गेला तो गेलाच. फोटोसाठी ढकलाढकली करणारी माणसे आता माझ्या खणावरून मान न वळवता जाऊ लागली. मला फार वाईट वाटले. खोटे कशाला बोलू?

तेव्हा डॉक्टरबाई आल्या. त्या दातांच्या डॉक्टर. लहानपणी घोड्यावर बसायच्या, मग शिक्षण, संसार आणि दवाखाना यांत ते राहून गेले. चाळिशी उलटल्यावर हौसेने पुन्हा उचल खाल्ली. पहिल्या भेटीत त्यांनी माझा ओठ वर करून पाहिला आणि म्हणाल्या, "मागच्या दाढेला धार आलीय. घासून घ्यायला हवी." इतक्या शर्यती मारलेला घोडा मी, आणि माझ्यात बघण्यासारखे काय, तर दाढ!

त्यांनी मला विकत घेऊन मास्तरांच्या तबेल्यात आणले. मास्तर तिथे मुलांना घोडेस्वारी शिकवतात. सुरुवातीला बरेच दिवस माझ्यावर कुणी बसलेच नाही. मला बुटक्या नावाच्या गोलमटोल तट्टाबरोबर मोकळ्या कुरणात सोडले. मोकळे सोडल्यावर काय करायचे असते ते मला ठाऊक नव्हते, म्हणून मी कुंपणाच्या कडेने पळत राहिलो. बुटक्याने गवतातून डोकेसुद्धा वर काढले नाही. असे बरेच दिवस गेल्यावर एकदा मीही मान खाली घातली आणि गवत चाखून पाहिले.

मग स्वारी सुरू झाली. अंगणात चढण्यासाठी दोन पायऱ्यांचा लाकडी ठोकळा आहे. डॉक्टरबाई त्यावर उभ्या राहून रिकिबीत पाय घालायच्या, आणि मी शिकल्याप्रमाणे चालू लागायचो. बिचाऱ्या एका पायावर लंगडी घालत माझ्याबरोबर अर्धे अंगण यायच्या. बाईंचे यजमान कठड्याशी उभे राहून म्हणायचे, "अगं, घोडा शिकतोय की तू?"

एका सकाळी मात्र हसण्यासारखे काही उरले नाही. मैदानात मी जरा जोरात दुडकी धरली. बाई घाबरल्या आणि त्यांनी लगाम घट्ट ताणला. मित्रांनो, आता मी काय समजणार? मी सुटलो! त्या जितक्या ताणत होत्या, तितका मी चौखूर उधळत होतो. मला वाटले, बाईंना शर्यत जिंकायची आहे. वळणावर त्या पडल्या आणि त्यांचे उजवे मनगट मोडले.

दवाखाना बंद ठेवावा लागला. यजमान तबेल्यात आले तेव्हा त्यांच्या आवाजात थट्टा नव्हती. "अगं, तुझं सगळं काम या हातावर आहे. सोड आता हा नाद." मास्तरही म्हणाले, "डॉक्टर, इथे लहान मुलं शिकतात. पुन्हा एकदा उधळला तर मला त्याला ठेवता येणार नाही. आणि उधळणारा घोडा कुणी घेतही नाही." असे घोडे एका बंद गाडीतून जातात. ती गाडी मी मैदानावर पाहिली होती. त्यातून गेलेला कुणी परत आलेला मात्र पाहिला नव्हता.

हात बरा झाल्यावर बाई परत आल्या, पण भीती घेऊन. मास्तर ओरडून सांगायचे, "हात सैल सोडा!" त्यांना ते कळायचे, हाताला कळायचे नाही.

मग एक दिवस खरारा करताना त्या आपल्याशीच हसू लागल्या. मला सगळे सांगायची त्यांना सवय आहे. "लंबू, काल ह्यांची दाढ काढली. खुर्चीचे हात असे गच्च धरले होते! मी म्हटलं, अहो, खुर्ची सोडा, ती कुठे पळून जात नाही. आणि म्हणता म्हणता मला तूच आठवलास. मी तुला असंच धरते ना रे? आणि तू खरंच पळून जातोस."

त्या दिवसापासून त्यांनी माझ्या गळ्यात एक पट्टा बांधला. भीती वाटली की लगाम सोडून तो पट्टा धरायचा, श्वास सोडायचा आणि दवाखान्यातल्या आवाजात म्हणायचे, "झालंच हं, झालंच." लगाम सैल पडला की मान रेलायला मला काही सापडत नसे, आणि मी गोंधळून थांबत असे. थांबलो की मानेवर हात फिरे. न पळता शाबासकी मिळते, हे पटायला मला फार वेळ लागला.

परीक्षा एका वाऱ्याच्या सकाळी झाली. मैदानाच्या टोकाला लहान मुले तट्टांवरून गोल फिरत होती. अचानक गवताच्या गंजीवरची ताडपत्री सुटली आणि फडफडत अंगावर आली. मी उधळलो, तो थेट मुलांच्या दिशेने. लगाम ताणला गेला. मी मान रेलली आणि पाय लांब टाकले. आणि तेवढ्यात बाईंची बोटे उघडली. त्यांनी गळ्यातला पट्टा धरला, श्वास सोडला आणि तेच शब्द म्हटले, "झालंच हं, लंबू. झालंच."

रेलायला काही नव्हते. माझे पाय आखूड पडू लागले. चौखूर सुटलेला मी दुडकीवर आलो, मग चालीवर आलो, आणि बुटक्यापासून हातभर अंतरावर उभा राहिलो. त्याच्या पाठीवरची चिमुरडी माझ्याकडे पाहून हसली.

मास्तरांनी येऊन माझ्या मानेवर हात ठेवला. मग म्हणाले, "राहू दे त्याला. इथलाच आहे तो." यजमान कठडा गच्च धरून उभे होते. बाईंनी त्यांच्याकडे पाहिले आणि म्हणाल्या, "अहो, कठडा सोडा."

मित्रांनो, तुमच्या आसपासही असे कुणी असेल, ज्याला जन्मभर फक्त पळायला शिकवले आणि पळणे सरल्यावर सोडून दिले. त्याला वाईट म्हणू नका. थोडे गवत द्या, थोडा वेळ द्या. आणि तो घाबरला असेल तेव्हा त्याला गच्च धरू नका, एवढेच माझे मागणे आहे.

आता माझ्या कपाळावरचा पट्टा आणि आजूबाजूचे केस सारखेच पांढरे झाले आहेत. डॉक्टरबाईंचे गुडघे दुखतात. त्या ठोकळ्याच्या पहिल्या पायरीवर चढतात, दम घेतात, मग दुसरीवर. रिकिबीत पाय घालायला आणखी वेळ जातो. "थांब हं बाळा," त्या म्हणतात, "झालंच."

अजून काहीच झालेले नसते, हे मला पक्के ठाऊक असते. मी थांबतो.