नवरे पळवणाऱ्या वेली

"मी नाही बाई नेणार घरी!" पोस्टातली तरुण कारकून झोया म्हणाली. "माझ्या लग्नाला अजून वर्षही झालं नाही."

पोस्ट उबदार ठेवणारा गरम पाण्याचा पाइप सकाळीच फुटला होता. बाहेर उणे तीस. खिडकीतल्या चार वेली संध्याकाळपर्यंत गारठून मरणार, हे पोस्टमास्तरीण रिम्मा पाव्लोव्हनाला स्पष्ट दिसत होतं. घरात वेल चढली की नवरा घर सोडतो, असं द्विना नदीकाठच्या त्या गावातल्या बायका मानत. म्हणून हौशी बायकांनी आपापल्या कुंड्या पोस्टात आणून ठेवल्या होत्या. नवरे घरी, वेली कचेरीत, दोन्ही सुखात.

सर्वांत जुनी मेणफुलांची वेल रिम्माची, तिच्या आईने लावलेली. बावीस वर्षांपूर्वी ती घरातच होती, आणि रिम्माचा पहिला नवरा मुर्मान्स्कला गेला तो गेलाच. पन्नाशी उलटल्यावर तिला अर्कादी भेटला, बोटी दुरुस्त करणारा. असा नवरा कोण पणाला लावेल? पण आईची वेल तरी कशी मरू द्यायची! शेवटी तिने त्यालाच फोन केला. तो ढकलगाडी आणि घोंगड्या घेऊन हजर.

"अर्काशा," ती लाडाच्या नावाने म्हणाली, "आधी ऐक. ही घरी आली तर तू जाशील."

"कुठे?"

"मला काय माहीत! नवरे जातात."

"आणि बाकीच्या तीन?"

"कुणी न्यायला तयार नाही."

"मग त्याही दे. नवरा मी एकटाच. चार वेली झाल्या म्हणून चार वेळा थोडाच पळणार?"

झोया हसता हसता खुर्चीत कोसळली.

घरी पोचल्यावर स्वयंपाकघराची खिडकी पानांनी भरून गेली. कुंडीवरची घोंगडी सोडवत अर्कादी म्हणाला, "रिम्मा, तुझा तो पहिला वेलीमुळे नाही गेला गं. खिडकीत निवडुंग असतं, तरी गेलाच असता."

बावीस वर्षं ती स्वतःलाच दोष देत आली होती. हे याला कसं कळलं? आनंदाने तिला एकदम रडूच आलं.

अर्कादी मात्र वाकून प्रत्येक कुंडीच्या मातीत रिम्माने खुणेसाठी खोचलेली काडेपेटीची काडी शोधत होता. काडीची बाजू काचेकडे ठेवावी लागते, नाहीतर वेल रुसते आणि कळ्या गाळते. रिम्माने हे त्याला कधी सांगितलं नव्हतं. सात वर्षं तो तिला घ्यायला यायचा आणि पोस्टातल्या बाकावर मुकाट बसून राहायचा, तेव्हा पाहिलं असणार.